भाड्याच्या मेघाचा हिशेब

छत्तीसगडात धान हे नुसते पीक नव्हे. राज्याचे निम्मे पंचांग त्याच्यावर चालते. नोव्हेंबरच्या मध्यास खरेदी-केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहू लागतात आणि जानेवारी सरता सरता ही वर्दळ ओसरते. २०२४-२५ च्या हंगामात अवघ्या अडीच महिन्यांत शासनाने सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केले. या खरेदीचा हिशेब २००७-०८ पासून संगणकावर ठेवला जातो. तो अडला तर शेतकऱ्याच्या हातातला पैसा अडतो.

वर्षातून अडीच महिने प्रचंड आणि उरलेले साडेनऊ महिने जेमतेम, अशा कामासाठी रायपूरसारख्या राजधानीत यंत्रे विकत घ्यावीत की भाड्याने वापरावीत? क्लाउड संगणन म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रशाळेतील संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणे. नाव मेघाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच असतात. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते ज्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली, ते अशाच यंत्रांचे घर होय. भारत सरकारनेही आपल्या खात्यांसाठी २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने ही सोय उपलब्ध केली.

भाड्याची बाजू प्रथमदर्शनी भक्कम दिसते. समजा, हंगामात वीस यंत्रे लागतात आणि एरवी दोन पुरतात. अडीच महिने वीस व साडेनऊ महिने दोन, असे वर्षाला एकोणसत्तर यंत्र-महिन्यांचे भाडे पडेल. परंतु हंगाम संपल्यावर ती अठरा यंत्रे परत करण्याची आठवण कोणासच राहिली नाही, तर हाच आकडा दोनशे चाळीस होतो. दर एका पैशानेही वाढला नाही. खर्च मात्र साडेतीन पटींजवळ गेला. लग्नाचा मांडव वेळेवर उतरवला नाही तर त्याचे भाडे चढतच राहते. फरक इतकाच, की मांडव डोळ्यांना दिसतो. चालू राहिलेला दूरचा संगणक दिसत नाही.

येथे जुन्या खरेदीपद्धतीचा एक गुण ध्यानात येतो. मागणीपत्र, निविदा, मंजुरी या पायऱ्या कंटाळवाण्या खऱ्या. पण प्रत्येक पायरीवर ‘हे खरोखर हवे काय?’ असा प्रश्न कोणीतरी विचारीत असे. क्लाउडमध्ये कनिष्ठ कर्मचारीही एका कळीसरशी नवे यंत्र सुरू करू शकतो. ती चाळणी नाहीशी होते आणि तिच्या जागी दुसरी आपोआप येत नाही.

दुसरे कारण साठवणुकीचे. माहितीच्या प्रती, त्या प्रतींच्या प्रती आणि जुन्या चाचण्यांचे अवशेष यांचे भाडे दरमहा थोडेथोडे आकारले जाते. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. माहिती आत नेण्यास बहुधा काही पडत नाही. बाहेर काढण्यास मात्र अनेक ठिकाणी शुल्क पडते. त्यातच एखाद्या कंपनीच्या खास सोयींवर सारी रचना बेतली, म्हणजे दुसरीकडे जाताना ती नव्याने रचावी लागते. शिवाय संक्रमणकाळात जुनी यंत्रशाळा आणि नवे भाडे हे दोन्ही खर्च एकाच वेळी चालतात. काम जाणणाऱ्या माणसांची गरज तर संपतच नाही. तिचे केवळ स्वरूप बदलते.

या कारणांमुळे काहींनी उलट वाटही धरली आहे. ड्रॉपबॉक्स या अमेरिकन कंपनीने आपली बरीचशी माहिती ॲमेझॉनच्या यंत्रांवरून स्वतःच्या यंत्रांवर आणली. त्यामुळे दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे तिने २०१८ मध्ये जाहीर केले. तिचे काम बारमाही आणि अफाट होते, म्हणून मालकी परवडली. चढउताराचे काम असणाऱ्याने तिचे अनुकरण केले, तर कदाचित पस्तावण्याची पाळी येईल.

सारांश, क्लाउड स्वस्त की महाग, हा प्रश्नच अपुरा आहे. खरेदी केलेले यंत्र आपला खर्च एकदाच आणि उघडपणे सांगते. भाड्याचे यंत्र तो रोज सांगते, पण विचारणाऱ्यालाच. म्हणून प्रत्येक यंत्रामागे एक जबाबदार नाव असावे, ते परत करण्याची तारीख ते घेतानाच ठरावी, बिल दरमहा वाचले जावे आणि बाहेर पडण्याची किंमत करारावर सही करण्यापूर्वीच माहीत असावी. निकाम्या यंत्रावर गेलेला पैसा अखेर जनतेचाच असतो आणि त्यात धानाचे पोते काट्यावर ठेवून पावतीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचाही वाटा असतो.