शीलाचे माप एकच असावे

उपासक आणि उपासिकांनो,

आपण पंचशील ग्रहण केले आहे. कामवासनेच्या दुराचारापासून अलिप्त राहण्याचे शील पुरुषाला एक आणि स्त्रीला निराळे, असे भगवान बुद्धांनी सांगितलेले नाही. कायद्याने मात्र दीर्घकाळ दोन मापे वापरली. ती का वापरली, हे आपण समजून घेतले पाहिजे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेचे ४९७ वे कलम पाहा. परपुरुषाने विवाहित स्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवला, तर त्यास ५ वर्षांपर्यंत कारावास होई. स्त्रीला मात्र गुन्ह्यास साहाय्य केल्याबद्दलही शिक्षा नव्हती. ही स्त्रीवरील दया होती काय? मुळीच नाही! पतीची संमती असली की गुन्हाच घडत नसे, आणि पती व्यभिचारी निघाला तर पत्नीला फिर्याद करण्याचा अधिकार नसे. स्त्री ही पतीची मालमत्ता मानली होती. मालमत्तेला शिक्षा कोण करतो? मुंबई राज्यातील एका खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांसाठीची विशेष तरतूद म्हणून हे कलम वैध ठरविले. अखेर २७ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या ५ न्यायाधीशांच्या पीठाने ते रद्द केले.

म्हणून प्रत्येक भेद अन्यायाचाच असतो, असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येत गुन्हेगार पुरुष आणि पीडित स्त्री आहे. या गुन्ह्यांतील बहुसंख्य आरोपी पुरुष असतात, हे वास्तव आहे. दुर्बलाच्या रक्षणासाठी केलेला भेद निराळा, आणि दुर्बलाला वस्तू मानून केलेला भेद निराळा.

बालकांच्या बाबतीत मात्र कायद्याने एकच माप घेतले आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोघांनाही संरक्षण दिले. अत्याचार करणारा पुरुष असो वा स्त्री, शिक्षा तीच. गुन्ह्यास साहाय्य करून तो घडवून आणणाऱ्यासही तीच.

आता आपल्या घराकडे वळा. अपराध आपल्या मुलाने केला तर ‘वयाचा दोष’ म्हणून झाकावयाचा, आणि अत्याचार मुलीवर झाला तर तिचीच शाळा बंद करावयाची, ही रीत धम्माची नव्हे. ती आपण टाकून आलेल्या जुन्या व्यवस्थेची आहे. मुलाने तक्रार केली तर त्याला हसावयाचे, अपराधी घरातील स्त्री असली तर गप्प बसावयाचे, हेही तितकेच निंद्य होय.

गप्प बसणे हा गुन्हाही आहे. बालकावरील अत्याचार ठाऊक असून पोलिसांना न कळविणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. भय बाळगू नका. बालकाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो. त्या वेळी पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, असा नियम आहे. बालकाची ओळख वृत्तपत्रांत प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. १०९८ या क्रमांकावरही साहाय्य मागता येते.

घराची अब्रू गुन्हा लपविल्याने राहत नाही. ती बालकाच्या बाजूने उभे राहिल्याने राहते. मुलास आणि मुलीस, सुनेस आणि जावयास शीलाचे एकच माप लावा. धम्मदीक्षेचा अर्थ घरात उतरला की नाही, हे त्यावरूनच ठरेल.

जय भीम!