नाव बांधून घेताना
(भोई समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या चालकांनी मला ‘आपला धंदा आणि आधुनिक साधने’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा आहे आणि माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची आहे. तेव्हा सर्व साधनांचा परामर्श घेण्याचे धाडस मी करणार नाही. ज्या एका साधनावर आपल्या पोटाची आणि प्राणाची भिस्त असते, त्या नावेबद्दलच बोलेन. त्यातही अॅल्युमिनियमची नाव स्वतःच्या मापाने बांधून घ्यावी की नाही, आणि घ्यायचीच तर ती कशी, एवढ्यापुरतेच माझे सांगणे राहील.

आपला जिल्हा पाण्याचा आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी चिखलीच्या प्रयागाजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि ती पुढे नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. या पाण्याच्या काठावर भोयाच्या खांद्यावर दोनच गोष्टी शोभत आल्या : एक पालखीचा दांडा आणि दुसरे वल्हे. मोटारी आल्या आणि पालखी गेली. पूल झाले आणि तरी बंद पडल्या. उरली ती मासेमारी. तीही धरणांमुळे नदीच्या डोहांतून जलाशयांत गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू छत्रपतींनी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. पुढे तुळशी झाले, दूधगंगेवर काळम्मावाडी झाले, वारणेवर चांदोली झाले. पाणी वाढले, पसरले, खोल झाले. परंतु आपली नाव मात्र बव्हंशी आजोबांच्या वेळची, म्हणजे अरुंद आणि संथ डोहाच्या पाण्याची राहिली. दुखणे येथेच आहे.

डोहातील वारा आणि जलाशयावरील वारा यांत फार अंतर असते. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला जितका लांब पल्ला मिळतो, तितकी लाट मोठी होते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्याआधी ८ ऑगस्ट २०१९ रोजी, महापुराच्या ऐन भरात, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका होण्याच्या आशेने नावेत बसलेल्या अनेक स्त्री-पुरुषांचे व लेकरांचे प्राण गेले. ही नावे मी कोणास दोष लावण्यासाठी घेत नाही. नाव कोणत्या पाण्यासाठी, किती माणसांसाठी आणि कोणत्या मापाची, हा प्रश्न जीवनमरणाचा आहे, एवढेच मला त्यातून दाखवावयाचे आहे.

‘पत्र्याची नाव’ म्हटले की काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. परंतु आपल्या भागाला धातूची नाव अगदीच अपरिचित नाही. पुराचे पाणी गावात शिरले की गुऱ्हाळातील काहील बाहेर काढून तिच्यात बायका-मुलांना बसवून पैलतीरी नेण्याचा प्रघात कोल्हापूर-सांगलीकडे जुना आहे. रुंद तळाची, उभ्या काठाची ती कढई रसाप्रमाणे माणसांनाही धरून ठेवते. मात्र तिला नाळ नसते, त्यामुळे ती सरळ चालत नाही, गरगर फिरते. धातू तरंगतो हे काहिलीने आपणांस शिकविले. आकार सुधारण्याचे काम आपले आहे.

आता या धातूविषयी थोडेसे. एके काळी अॅल्युमिनियम हा अत्यंत मौल्यवान धातू गणला जाई. १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांस ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने तो काढण्याची एकच रीत शोधली आणि तो घरोघरीच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचला. ज्या दगडापासून तो निघतो ते बॉक्साइट आपल्याच राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीच्या पठारावर खणले गेले आणि बेळगावच्या कारखान्यात गेले. आपल्या डोंगराची माती आपल्या पाण्यावर नाव होऊन परत यावी, यात मला तरी काही परकेपणा वाटत नाही.

या धातूचा पहिला गुण हलकेपणा. तीन मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा सुमारे साडेतेवीस किलो भरतो, तर तेवढाच अॅल्युमिनियमचा सुमारे आठ किलो. पंधरा फूट लांब, चार फूट रुंद आणि एकवीस इंच उंच अशी सपाट तळाची नाव घेतली, तर तिला अदमासे अकरा चौरस मीटर पत्रा लागेल. म्हणजे लोखंडाचा पत्राच अडीचशे किलोंच्या पुढे जाईल, तर अॅल्युमिनियमचा नव्वदाच्या आत राहील. आतल्या फासळ्या, बैठकी आणि काठाची पट्टी धरून ती नाव सव्वाशे किलोंची होईल. चार भोई ती खांद्यावर घेऊन चालू शकतात. उन्हाळ्यात धरणाचे पाणी अर्धा-अर्धा मैल मागे हटते आणि नाव चिखलातून, दगडांवरून ओढत न्यावी लागते, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला या हिशेबाचे मोल सांगावयास नको. अमेरिकेतही हेच घडले. १९४४ साली ग्रुमन या विमानाच्या कंपनीतील विल्यम हॉफमन नावाचे एक अधिकारी सुटीत आपली जड नाव एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत वाहून नेताना थकले. विमानाच्या पत्र्याची नाव का करू नये, हा विचार त्यांच्या मनात तेथे आला आणि महायुद्ध संपता संपता तशा नावा निघू लागल्या. शोधाचा उगम खांद्याच्या दुखण्यात झाला, ही गोष्ट पालखी वाहणाऱ्यांच्या वंशजांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरा गुण असा की हा धातू लोखंडासारखा गंजत नाही. हवा लागताच त्यावर एक पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. तिसरा गुण, आपटला तर तो बहुधा पोचतो, फुटत नाही. काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या नावा स्वस्त पडतात आणि कोकणात त्या मोठ्या प्रमाणावर चालतात. परंतु त्या साच्यातून निघतात. साचा ज्या मापाचा, नाव त्याच मापाची. शिवाय दगडावर वारंवार घासल्याने त्यांचा तळ झिजतो. आपल्या जलाशयांच्या तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट आणि कातळ आहेत, ते पाणी ओसरले की वर येतात.

गुण सांगितले, आता अवगुणही सांगितले पाहिजेत, नाही तर हे भाषण राहणार नाही, जाहिरात होईल. पहिला अवगुण किंमत. दुसरा, लाकडी नावेची फळी गावचा सुतार बदलतो, ही नाव गावात दुरुस्त होत नाही. तिसरा, तळाला वल्हे वा भांडे लागले की आवाज होतो आणि मासा पांगतो. त्यावर काथ्याच्या किंवा रबराच्या चटईचा उपाय आहे, मात्र ती रोज काढून वाळविली पाहिजे. चौथा, उन्हात ती तापते. आणि पाचवा, मोडीतही भाव येत असल्यामुळे चोराचा डोळा तिच्यावर राहतो. एवढे पाहूनही ज्याला ती परवडेल असे वाटते, त्याने पुढील गोष्टी ऐकाव्यात.

प्रथम पाणी ठरवावे. नदीपात्र, मळीचे उथळ पाणी आणि पुराचा वेढा यांसाठी सपाट तळ उत्तम. उभे राहून पाग टाकताना ती डगमगत नाही. मोठ्या जलाशयावर मात्र नाळेकडचा तळ थोडा निमुळता, लाट कापणारा हवा आणि काठ उंच हवेत, कारण सपाट नाळ लाटेवर आपटते व पाणी आत घेते. दोन्ही पाण्यांवर जायचे असेल तर पुढे निमुळता आणि मागे सपाट असा मेळ घालता येतो. मापाने बांधून घेण्याचा लाभ तो हाच.

मग वजनाचा हिशेब करावा. मघाच्या नावेचा तळ साठ चौरस फूट धरला, तर ती एक इंच बुडण्यास सुमारे एकशे चाळीस किलो भार लागतो. नाव, चार माणसे, जाळी आणि मासळी मिळून पाचशे किलो झाले, तर ती साडेतीन इंच, आणि नाळेकडे तळ निमुळता होत असल्याने प्रत्यक्षात चार-पाच इंच बुडेल. एकवीस इंचांपैकी सोळा इंच काठ पाण्यावर राहील. कागदावर असे दिसते की आणखी दहा माणसे सहज बसतील. नेमका येथेच घात होतो. नाव नुसत्या भाराने बुडते असे नाही. माणसे एका अंगाला झुकली किंवा एकाएकी उभी राहिली की ती कलंडते. म्हणून माणसांचा आकडा कारागिराकडून ठरवून घेऊन काठावर ठळक अक्षरांत रंगवावा आणि पुरात कोणी कितीही विनविले तरी तो ओलांडू नये.

तिसरी गोष्ट तरंगण्याची. लाकडी नाव पाण्याने भरली तरी तिचे लाकूड तरंगते, अॅल्युमिनियमची नाव तळाला जाते. सव्वाशे किलोंचा धातू स्वतः जेमतेम सत्तेचाळीस लिटर पाणी दूर सारतो. उरलेले सुमारे ऐंशी किलो तोलून धरण्यास बैठकींच्या खाली तेवढ्याच लिटरांच्या बंद पोकळ्या हव्यात, आणि त्यांत पाणी न शोषणारा फेस भरलेला हवा. यंत्र बसवावयाचे असल्यास आणि बुडणाऱ्या माणसांना धरावयास आधार राहावा म्हणून ही जागा अडीचपट तरी करावी. खर्च वाचविण्यासाठी कारागीर हीच गोष्ट प्रथम गाळील. ती गाळू देऊ नये.

चौथी गोष्ट पत्र्याची आणि जोडणीची. भांड्यांचा मऊ पत्रा नावेला चालत नाही. मॅग्नेशियमचा अंश असलेली ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकाची मिश्रधातू मागावी आणि तिचा दाखला पत्र्याबरोबरच घ्यावा. तळाला तीन आणि बाजूंना अडीच मिलिमीटर जाडी असावी. आपल्या उद्यमनगरात आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या वसाहतींत लोखंडाचे कसबी कारागीर पुष्कळ आहेत. तथापि अॅल्युमिनियमची झाळणी हे वेगळे शास्त्र आहे. हा धातू ६६० अंशांवर वितळतो, पण त्यावरचा पापुद्रा २००० अंशांच्याही पुढे. म्हणून पापुद्रा स्टेनलेस पोलादाच्या ब्रशाने घासून, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली जोड द्यावा लागतो. ज्याने हे काम पूर्वी केले आहे त्यालाच ते द्यावे. जोड तपासण्याची एक सोपी रीत आहे : सांध्याच्या बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावावी, ती वाळू द्यावी, आणि आतून रॉकेल फिरवावे. जेथे छिद्र असेल तेथे पांढऱ्यावर डाग उमटतो. पैशाचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यावा.

पाचवी गोष्ट निगेची. तांबे आणि पितळ या धातूचे वैरी आहेत. ओल्या जागी ते चिकटून राहिले तर अॅल्युमिनियम झिजते. खिळे-बोल्ट स्टेनलेसचे, आणि मध्ये रबराची चकती. चुना-सिमेंटचा ओला स्पर्श आणि ओल्या गोणपाटाचा थर तळाशी राहू देऊ नये.

पैशाचा प्रश्न राहिला. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास खर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांना ६० टक्के साहाय्य ठरविण्यात आले. मासळी विकून ज्या भगिनी घर चालवितात, त्यांच्या नावावर नाव का असू नये? हा प्रश्न मी पुरुषमंडळींपुढे ठेवतो. आपल्या गावातील मच्छीमार संस्थांनी एकेकट्याने न जाता चार-पाच नावांची मागणी एकत्र नोंदविली, तर पत्रा घाऊक भावात मिळेल आणि कारागीरही हात राखून काम करणार नाही.

माझ्या मनातील खरी चिंता मात्र पैशाची नाही. नाव कशी असावी याचे ज्ञान आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या आपल्या नाखव्यांच्या हातांत आहे. काठ किती कलता ठेवावा, बैठक कोठे असली म्हणजे जाळे ओढताना पाठ मोडत नाही, कोणत्या खाडाकडून वारा फिरतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. झाळणी करणाऱ्या कारागिराला हे ठाऊक असणे शक्य नाही. तो आपल्या सोयीची पेटी बांधील आणि तिला नाव म्हणेल. आपले तरुण शिकले, शहरात गेले, याचा मला शिक्षक म्हणून अभिमानच आहे. परंतु जे शिकले त्यांनी एक काम करावे : सुटीत गावी आल्यावर वडीलधाऱ्यांच्या नावेवर फूटपट्टी धरावी, तिची मापे वहीत उतरावी, आणि प्रत्येक मापाचे कारण विचारून शेजारी लिहावे. लाकडी नावा एकेक करून कुजत आहेत. त्या गेल्यावर मापे कोठून घेणार?

आणखी एक. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने पंचावन्न फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तेथे त्रेचाळीस फुटांची आहे. सरकारी पथके आली आणि त्यांनी मोलाचे काम केले. परंतु पथक येईपर्यंतचे पहिले काही तास गावाचे असतात. त्या तासांत गावाजवळ चांगली, मापात बांधलेली, न बुडणारी नाव आणि ती हाकणारा भोई असेल, तर किती घरांतील दिवे तेवत राहतील! आपला धंदा हा केवळ आपला नाही, तो गावाचाही आधार आहे, हे आपण सरकारला आणि समाजाला या मार्गाने पटवून देऊ शकतो.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे की, मेळाव्याने पाच जाणत्या नाखव्यांची आणि दोन शिकलेल्या तरुणांची समिती नेमावी, एक नमुन्याची नाव बांधून घ्यावी, ती पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वर्षभर पाण्यावर चालवून पाहावी, आणि तिचे गुणदोष पुढील वर्षीच्या स्मरणिकेत निर्भीडपणे छापावेत. चांगली ठरली तर सर्वांनी घ्यावी. न ठरली तर एका नावेच्या खर्चात सर्वांचे पैसे वाचले असे समजावे.