पन्नास किलोंच्या कॅनमधला ऑक्सिजन

भिवंडीची ओळख यंत्रमागाची. मागावरून उतरलेलं सुती ग्रे कापड रंगवण्याआधी पांढरं करावं लागतं आणि त्यासाठी सर्रास हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याचं अपघटन झालं की पाणी आणि ऑक्सिजन मिळतो. 34 किलो पेरॉक्साइडमधून 18 किलो पाणी आणि 16 किलो ऑक्सिजन, हे प्रमाण ठरलेलं. शाळेतलं हे त्रैराशिक गोदामातही मांडायला हवं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

समजा, कॅनमध्ये 50 टक्क्यांचं 50 किलो द्रावण आहे. घाईत 50 हा आकडा तसाच समीकरणात घातला जातो आणि उत्तर दुपटीने चुकतं. पेरॉक्साइड आहे 25 किलो, उरलेलं आधीपासूनचं पाणी. 25 ला 16 ने गुणून 34 ने भागा : पावणेबारा किलोंच्या आसपास ऑक्सिजन. वजनाला हे फार वाटत नाही. पण 32 ग्रॅम ऑक्सिजन आपल्याकडच्या हवामानात सुमारे 25 लिटर जागा व्यापतो. म्हणजे जेमतेम 42 लिटर द्रावणातून 9 हजार लिटरांहून अधिक वायू! वर अपघटनाची उष्णता आणि तिने होणारी वाफ वेगळीच. कॅनचं झाकण वायू बाहेर सोडणारं का असतं, ते या आकड्यातून कळतं. गळतं म्हणून ते बदलून घट्ट बूच बसवणं घातक आहे.

कोणी म्हणेल, सगळं पेरॉक्साइड एकदम कुठे फुटतं? खरं आहे, चांगल्या साठ्यात ते अगदी हळू फुटतं. समीकरण वेग सांगत नाही, कमाल मर्यादा सांगतं. पण झाकण, मोकळी जागा, कॅनची थप्पी हे सगळं मर्यादेवरूनच ठरवावं लागतं, कारण वेग आपल्या हातात राहीलच असं नाही. लोखंडाचा गंज, तांब्याचा अंश किंवा उन्हाचा ताप एवढ्यानेही तो वाढतो. ब्लीचिंगच्या टाकीत सोडियम सिलिकेट घालतात ते हा वेग आवरायलाच. तिथे बुडबुड्यांवाटे उडालेला प्रत्येक किलो ऑक्सिजन म्हणजे कापडाला न लागता वाया गेलेलं सव्वाचार किलो द्रावण. आणि बादलीत उरलेलं पेरॉक्साइड वाचवायचं म्हणून परत कॅनमध्ये ओतलं, तर ऑक्सिजनचं वजन तेवढंच राहतं. तो बाहेर पडायला लागणारा वेळ मात्र बादलीतून आलेल्या अशुद्धीमुळे वर्षांवरून तासांवर येऊ शकतो.