विधवेचे कुंकू आणि विधवेचे वावर



१२ जानेवारीस शेजारच्या सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी माणसांचा पूर लोटतो. आपल्यापैकी पुष्कळजण जातात, आम्हीही जातो. शहाजीराजे १६६४ मध्ये निवर्तले. पुढे दहा वर्षे ही माउली विधवा म्हणून जगली आणि पुत्राचा राज्याभिषेक पाहून १६७४ मध्ये तिने देह ठेवला. त्या विधवेपुढे आपण मस्तक ठेवतो, आणि दोनच दिवसांनी संक्रांत येऊन हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली की घरातल्या विधवेला आत बसवतो. हे आम्ही दुसऱ्याला उद्देशून बोलत नाही. आमच्या चुलतीने कित्येक वर्षे तिळगूळ वळला. वाटला मात्र दुसऱ्यांनी.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी तोंड उघडले होते. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे सौम्य करण्यात आली) आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर ताशेरे झडू लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. १८८२ साली ते पुण्यास छापले गेले. बायको मेली तर पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेला तर बाईनेच कोणता गुन्हा केला, हा त्यांचा रोखठोक सवाल. पुनर्विवाहाची चाल बंद करणाऱ्या स्वजातीतील कुलीनांनाही त्यांनी सोडले नाही. आपण मात्र हे पुस्तक विसरलो. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे लोकांना बाईंचे नाव कळले.

आता कायद्याकडे वळू. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली. पण तिने लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जाई. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले! बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला मुलामुलींच्या व सासूच्या बरोबरीचा वाटा दिला, तोही पूर्ण मालकीचा. एकदा मिळालेला हा वाटा पुढे तिने लग्न केले तरी जात नाही. सासऱ्याच्या हयातीत नवरा गेला, तरी सासऱ्यामागे मृत मुलाची विधवा म्हणून ती वारस ठरते. इतके सारे कागदावर आहे.

परंतु गावात काय होते? तेरावे उरकते, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो, आणि त्यात मुलांची नावे येतात, बाईचे राहून जाते. नाहीतर तिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. ‘तुला काय करायचं वावर, आम्ही आहोत ना,’ एवढेच तिला सांगितले जाते. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला असेल तर हाल आणखी निराळे. पश्चिम विदर्भातले आपण, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. २००६ मध्ये सरकारने अशा घराला १ लाखाच्या मदतीची रीत ठरवली. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी जमिनीचे, कर्जाचे, थकबाकीचे कागद लागतात. आणि जमीन सासऱ्याच्या नावे, कर्ज सावकाराचे तोंडी, असे असले म्हणजे त्या बाईने काय दाखवावे?

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. आम्हांस हा ठराव मोठा वाटतो. तो गावाने आपण होऊन केला, वरून आलेल्या हुकमाने नव्हे.

ही बातमी वाचून आम्ही उत्साहाने घरी गेलो आणि चुलतीला म्हणालो, यंदा संक्रांतीला हळदीकुंकू तुमच्या हातचे. ती काही वेळ तांदूळ निवडीत राहिली. मग म्हणाली, “कुंकू लावा की, मी कुठं नाही म्हणते? पण बाबू, वावराच्या फेरफारात माझं नाव का नाही, ते आधी सांग.”

ती नोंद आमच्याच घरच्या वडीलधाऱ्यांनी करविली होती, आणि आम्ही शिकलेले असून इतकी वर्षे तो उतारा उघडून पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सातबारा काढला. चुलत्यांच्या जागी एकट्या मुलाचे नाव होते. आता त्या मुलाच्याच सहीने तिचे नाव लावण्याचा अर्ज दिला आहे. चुलती दर आठवड्याला विचारते, “झालं का?”