कोणती प्रत कुठे, हे ग्रंथपालाने ठरवावे



ग्रंथालयांच्या या व्यासपीठावरून अध्यक्षाने वाचनसंस्कृतीवर बोलण्याचा रिवाज आहे. मी आज साठवणुकीवर बोलणार आहे. आपल्यातली कितीतरी ग्रंथालयं दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून घेत आहेत, आणि ‘सगळं क्लाउडवर टाकलंय’ एवढं कळलं की आपण निश्चिंत होतो. क्लाउडवर म्हणजे कोणत्या शहरात, कोणत्या वर्गात, परत मागितलं तर किती तासांनी आणि किती पैशांत, हे आपण स्कॅनिंगच्या कंत्राटदाराला विचारतही नाही.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचं मोठं नुकसान झालं. दुसरी प्रत त्याच इमारतीतल्या हार्ड डिस्कवर असेल, तर पुराला दोन्ही सारख्याच. म्हणून प्रत गावाबाहेर हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ही गावाबाहेरची जागा क्लाउड देतो. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही सेवा सुरू केली आणि ऑब्जेक्ट स्टोरेज सर्वांना भाड्याने मिळू लागलं. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवाही याच जातीच्या. इथे फाइल म्हणजे एक अखंड ऑब्जेक्ट. तो एका बकेटमध्ये राहतो आणि त्याला एक नाव असतं, त्याला की म्हणतात. पडद्यावर फोल्डर दिसतात, पण खरे फोल्डर नसतात. तिरक्या रेघेसकट ते सगळं एकच लांब नाव असतं. ऑब्जेक्टमधली एखादी ओळ तेवढी बदलता येत नाही, पूर्ण ऑब्जेक्ट नव्याने चढवावा लागतो. आपल्या कामाला हे उत्तम, कारण स्कॅन केलेलं पान पुन्हा बदलायचंच नसतं. नाव देताना दाखल क्रमांकापासून सुरुवात करा, एवढा आग्रह मी धरीन. ऑब्जेक्टसोबत आपली माहितीही जोडता येते, पण एस-थ्रीमध्ये ती २ केबीपुरतीच. ग्रंथतालिका स्वतंत्र सांभाळावीच लागेल.

आता साठवणुकीच्या वर्गांकडे येतो. आपल्याकडे मुक्तद्वार विभाग असतो आणि बंद कपाटंही असतात. इथेही तसंच आहे, फक्त प्रत्येक कपाटाचं भाडं वेगळं आणि ते उघडण्याचे पैसे वेगळे. एस-थ्री स्टँडर्डमध्ये ठेवणं महाग, पण वाचताना वेगळं काढणावळीचं शुल्क नाही. स्टँडर्ड-आयए, म्हणजे क्वचित वाचायच्या फाइलींचा वर्ग, स्वस्त, पण प्रत्येक वाचनाला शुल्क, आणि ३० दिवसांच्या आत पुसलं तरी ३० दिवसांचं भाडं. सगळ्यांत तळाशी ग्लेशियर डीप आर्काइव्ह: किमान १८० दिवसांचं भाडं, आणि मागणी केल्यावर ऑब्जेक्ट हाती यायला १२ तास, स्वस्तातल्या पद्धतीने ४८ तासांपर्यंत. गूगलचा आर्काइव्ह वर्ग क्षणात उघडतो, पण तिथे किमान मुदत ३६५ दिवसांची. मायक्रोसॉफ्टच्या आर्काइव्हमधून बाहेर काढायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. नावं सारखी आहेत म्हणून वागणूक सारखी समजू नका.

जरा हिशेब करू. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ३०० डीपीआयवर, न दाबता साठवलं तर सुमारे २६ एमबी. ३०० पानांचा ग्रंथ जवळजवळ ८ जीबी, असे हजार ग्रंथ ८ टीबी. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या दराने हे स्टँडर्डमध्ये महिन्याला १८० डॉलरच्या पुढे जातं, डीप आर्काइव्हमध्ये ८ डॉलरच्या आसपास राहतं. हा फरक पाहून सगळंच तळाशी टाकण्याचा मोह होतो. पण तेच ८ टीबी इंटरनेटवरून एकदा आपल्याकडे उतरवायचे तर वाहतुकीचंच बिल ७०० डॉलरच्या घरात जाईल. मुंबईचे दर वेगळे आहेत आणि दर बदलतही राहतात, तरी ठेवणं स्वस्त आणि काढणं महाग हा ढाचा तोच राहतो.

म्हणून मूळ स्कॅनच्या मोठ्या फाइली तळाच्या वर्गात आणि वाचकांसाठीची हलकी पीडीएफ स्टँडर्डमध्ये, अशी वाटणी मला योग्य वाटते. कोणतं पुस्तक रोज मागितलं जातं आणि कोणतं दहा वर्षांत एखादा संशोधक मागतो, हे अभियंत्याला ठाऊक नसतं. ते आपल्या देवघेवीच्या नोंदींत असतं. आणखी एक: ओसीआरच्या, म्हणजे स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या, मजकुराची प्रत्येक पानाची छोटी फाइल वेगळी ठेवू नका. डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टमागे ४० केबी जास्तीचे धरले जातात. दोन केबीच्या मजकुरावर हा भार पडतो. एका ग्रंथाच्या सगळ्या मजकूर-फाइली एकत्र बांधूनच तिथे पाठवा.

टिकाऊपणाचा आकडा तुम्हाला विक्रेते ऐकवतील: ९९ नंतर दशांशचिन्ह आणि पुढे नऊ वेळा ९. ॲमेझॉन सांगते की १ कोटी ऑब्जेक्ट ठेवले तर सरासरी १०,००० वर्षांत एखादा गमवाल. हा आकडा यंत्रं बिघडण्यापुरता आहे. कर्मचाऱ्याने चुकून पुसलं, बिल थकलं, पासवर्ड असलेली व्यक्ती निवृत्त झाली, तर हा आकडा मदतीला येत नाही. त्यासाठी व्हर्जनिंग (जुनी आवृत्ती जपणं) आणि ऑब्जेक्ट लॉक (ठरल्या मुदतीत पुसू न देणं) चालू करावं लागतं आणि खातं संस्थेच्या नावावर असावं लागतं. शिवाय टिकणं वेगळं, हाती असणं वेगळं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका आज्ञेतल्या चुकीमुळे व्हर्जिनियातली एस-थ्री काही तास बंद पडली होती. वाचकाला त्या तासांतही पुस्तक हवं असेल, तर पीडीएफची एक प्रत ग्रंथालयातल्या संगणकावरही लागते.

मूळ स्कॅनसाठीही एकाच शहरावर विसंबू नये. ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचा समूह, आहे. मूळ स्कॅनची एक प्रत मुंबईत आणि दुसरी हैदराबादेत ठेवणं आपल्याला शक्य आहे.

स्कॅनिंगच्या निविदेत सेवेचं नाव, शहर, वर्ग, किमान मुदत, परत मिळण्याचा वेळ, बाहेर काढण्याचा दर आणि खात्याची मालकी, हे सात रकाने सक्तीचे असावेत असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. मसुदा तुमच्या हाती आहे. ज्यांनी स्कॅनिंग करून घेतलंय त्यांनी आपली बिलं समोर ठेवून त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात.