शेतावरचा पाहुणा



पाहुणा आला की आपण पाट मांडतो, त्याला कामाला हात लावू देत नाही. अमेरिकेतल्या ‘फोर-एच’ मंडळांनी १९४८ साली शेतकऱ्यांच्या मुलामुलींची परदेशांशी देवाणघेवाण सुरू केली, तिची रीत अगदी उलटी. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून मंडळांना हे नाव पडले. इंग्लंडातही तरुण शेतकऱ्यांची मंडळे होतीच. पहिले १९२१ साली डेव्हन परगण्यातल्या हेमिओक गावी निघाले. तिथे मुलांच्या हाती वासरे दिली. पाटीपेक्षा वासरू लवकर शिकवते, हे शिक्षकबंधूंना का सांगायला हवे?

महायुद्ध नुकतेच संपले होते. माणसांची ओळख झाली तर वैर टळेल, ही यामागची आशा. म्हणून पाहुण्याने हॉटेलात उतरायचे नाही. काही आठवडे शेतकऱ्याच्या घरी राहायचे, गोठा झाडायचा, गवत कापायचे, त्यांच्याच पंगतीला जेवायचे. मग दुसरे घर. खरी परीक्षा घरधनिणीची, कारण परक्या मुलाचे खाणेपिणे तिच्याच अंगावर येते. परतल्यावर गावोगाव हिंडून पाहिलेले सांगायचे, तेही कामच. पुढे भारतातले तरुणही या योजनेतून तिकडे गेले आणि तिकडचे आपल्या खेड्यांत येऊन राहिले.