थांबण्याचा हिशेब



या व्याख्यानमालेत संतांवर, कवितेवर, इतिहासावर बोलणारी मोठी माणसं येऊन गेली. मी साहित्यिक नाही. चाळीस वर्षं कृष्णधवल फोटो काढतो, एवढीच माझी ओळख. माझा विषयही लहान आहे : आयुष्यभर फिल्म वापरलेल्या माणसाने डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा का घेतला? फोटोवाले हा प्रश्न विचारतात तेव्हा मी यंत्राची माहिती देऊन मोकळा होतो. तुमच्यापुढे तेवढ्याने भागणार नाही. तुम्हाला आधी सुदामा नगरातल्या एका ओट्यावर न्यावं लागेल.

आमच्या गल्लीत एक काका होते. कापड गिरणीत विणकाम खात्यात त्यांची उमेद गेली. तुमच्यापैकी अनेकांना इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे आठवत असतील. घड्याळं त्यावर लावली जात. एकेक करून ते भोंगे थांबले. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी अडकली. काका त्यांतलेच. पांढरं धोतर, पांढरी टोपी, ओट्यावर पेपर घेऊन बसायचे. मी त्या काळात गिरणीतल्या जुन्या लोकांचे फोटो काढत हिंडत असे. एकदा ते म्हणाले, "सगळ्या शहराचे काढता, आमचा राहिलाच की. मिलच्या पासावरचा सोडला, तर माझा एकट्याचा फोटोच नाही."

२०१४चा मे महिना होता. मी तीन फोटो काढले. तिसऱ्याच्या वेळी आतून काकूंनी काहीतरी विचारलं आणि ते हसले. तो मिळाला, हे मला तिथेच कळलं.

आता पुढचं नीट ऐका. रोल छत्तीसचा. काकांच्या फोटोंनंतर सात फोटो शिल्लक होते. रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, ही माझी शिस्त. तो संपायला जून उजाडला. मग पाण्याचा प्रश्न. माझी डार्करूम म्हणजे घरची न्हाणी. खिडकीला काळं कापड, लाल दिवा, फळीवर तीन ट्रे. डेव्हलपर वीस अंशांवर हवा आणि आमच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात हाताला चटका देणारं. बर्फाच्या पिशव्या सोडून ते थंड करावं लागे. शिवाय चांगल्या कागदावरचा प्रिंट वाहत्या पाण्यात तासभर धुतला नाही, तर हायपो आत राहतो आणि काही वर्षांत डाग पडतात. उन्हाळ्यात दिवसाआड नळ असताना तासभर वाहतं पाणी कुठून आणायचं? मी पावसाळ्याची वाट पाहिली. दरवर्षीच पाहत असे.

काका आषाढात गेले.

तेराव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. हार घातलेला फोटो मिलच्या पासावरून मोठा केलेला होता. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, कपाळावर शिक्क्याची अर्धी कड. आणि त्यांचं हसू तेव्हा माझ्या कपाटात, डब्यातल्या रोलमध्ये, न धुतलेलं पडलं होतं. गणपतीच्या आधी मी प्रिंट घेऊन गेलो. काकूंनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "छान आलाय. आधी असता तर हाच लावला असता." आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मागे लागलं.

तोवर मी कुठल्याही व्यासपीठावर फिल्मच्या सबुरीचं कौतुक करत असे. फोटो काढल्यावर लगेच दिसत नाही, त्या विलंबाने नजर पक्व होते, असं मी सांगे. ते खोटं नव्हतं. दोन महिन्यांनी निगेटिव्ह पाहताना माणूस स्वतःच्या फोटोकडे परक्यासारखा पाहू शकतो. पण त्या विलंबाची किंमत कोण भरत होतं, हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. काही मी भरली, काही पाण्याच्या बादल्या ओढणाऱ्या बायकोने, आणि सगळ्यांत मोठी रक्कम काकांनी.

मराठी माणसाने बनवलेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. दादासाहेब फाळक्यांच्या नावामागे सरस्वतीबाईंचे हात होते. फिल्मला कडेने भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा. घरात डार्करूम असली की ती घरातल्या बाईलाही असते.

आता यंत्राकडे येतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला दोन लहान खिडक्या असतात. दोन्हींतून आलेली प्रतिमा आपल्या डोळ्याशी एकत्र येते. मधोमध एक उजळ चौकोन असतो आणि त्यात माणसाचं नाक दोनदा दिसतं. लेन्सची कडी फिरवत गेलं की दोन नाकं सरकत एकावर एक बसतात. बसली, की अंतर जुळलं. ही कडी हातानेच फिरवायची. आरशाच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतो, आणि फोटो निघतो त्या नेमक्या क्षणी आरसा उचलला जाऊन अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये आपण बाजूच्या खिडकीतून पाहत असतो, म्हणून तो क्षण डोळ्यांसमोरून जात नाही. चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसतं. आतून हाक मारणारी काकू चौकटीत नसते, पण ती येतेय हे तुम्हाला दिसतं. लायकाचा एम-३ हा कॅमेरा १९५४चा. आजच्या रेंजफाइंडरची पाहण्याची रीत तीच आहे.

डिजिटल रेंजफाइंडर पहिल्यांदा आला तो २००४ साली, एप्सनचा. लायकाचा २००६ साली आला. मला मोह झाला नाही. कारण रंगीत फोटो काढून त्यातला रंग संगणकावर पुसायचा, हे मला पटत नव्हतं. डिजिटल कॅमेऱ्यातल्या संवेदकावर प्रकाश टिपणारे लक्षावधी ठिपके असतात आणि प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी काचेसारखी गाळणी असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली. १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. प्रत्येक ठिपका एकच रंग पाहतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. मग तो सगळा रंग आपण पुसणार. म्हणजे आधी फोडणी घालायची आणि मग ती गाळून काढायची.

२०१२ साली लायकाने 'मोनोक्रोम' आणला. त्यात या गाळण्याच नाहीत. एक कोटी ऐंशी लाख ठिपके, आणि प्रत्येकाला फक्त उजेड किती हे कळतं; रंग कळतच नाही. हा कॅमेरा रंगीत फोटो काढूच शकत नाही. इथे तुम्हाला एक गंमत सांगतो. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तोही कृष्णधवलच होता. दहा हजार ठिपके, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद! म्हणजे मोनोक्रोम हा एका अर्थाने माहेरी परत आलेला कॅमेरा आहे.

मी वापरलेला घेतला, २०१६ साली. त्यासाठी दोन फिल्म कॅमेरे, एन्लार्जर आणि एक मुदत ठेव गेली. किंमत सांगत नाही. घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक आहे, आणि सौभाग्यवती समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

पहिले काही महिने वाईट गेले. चाळीस वर्षांची सवय उलटी झाली. फिल्मवर काळजी घ्यायची ती सावलीची. सावलीत उजेड पोचला नाही, तर निगेटिव्ह तिथे कोरी राहते. पांढरं मात्र फिल्म बरंच सांभाळून घेते. मे महिन्याच्या उन्हात काकांचं धोतर निगेटिव्हवर काळंकुट्ट झालं होतं, तरी एन्लार्जरखाली जास्त वेळ दिला तेव्हा त्याची प्रत्येक घडी वर आली. संवेदकाचं उलट आहे. सावलीतून तो पुष्कळ काही काढून देतो, पण पांढरं एकदा जळलं की तिथे काहीच उरत नाही. रंगीत कॅमेऱ्यात एखाद्या रंगाच्या थरात थोडं वाचलेलं तरी असतं. इथे थर एकच. माझी पहिली शंभरेक धोतरं, टोप्या आणि नऊवारी लुगडी नुसती पांढरी भोकं होऊन आली. आता मी उजेड पांढऱ्यावर मोजतो आणि सावली नंतर उचलतो. पिवळी आणि नारिंगी काच लेन्सवर चढवायची जुनी सवय मात्र कामी आली. आकाश गडद करायचं तर ते फोटो काढायच्या आधीच ठरवावं लागतं. नंतर रंगच नसतो, बदलणार काय?

दुसरी खोड जास्त वाईट होती. फोटो काढला की मान खाली जाई, मागच्या पडद्याकडे. समोरचा माणूस अजून बोलतोय, आणि मी त्याला सोडून त्याच्या चित्राकडे बघतोय. फिल्मवर असं घडणं शक्यच नव्हतं. शेवटी मी पडदा बंद करून ठेवला. तो माणूस उठून गेल्यावर किंवा चहा आल्यावरच चालू करतो.

लगेच दिसणं म्हणजे कलेचा ऱ्हास, असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांना मी आपल्याच गावची आठवण करून देतो. राजा दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत, तिथल्या तिथे तंबूत धुवायचा. काही मिनिटांत निगेटिव्ह हातात. बिघडली, तर बसलेला माणूस अजून खुर्चीत आहे, पुन्हा काढा. फोटो काढणं आणि पाहणं यांत आठवडे घालणारी रोलची रीत नंतरची. तिला आपण परंपरा म्हणतो ते फक्त आपला जन्म तिच्यात झाला म्हणून.

तेव्हा माझा हिशेब असा आहे. थांबणं दोन प्रकारचं असतं. एक फोटोच्या आधीचं : माणसाशेजारी बसणं, उजेड सरकण्याची वाट पाहणं, दोन नाकं एकावर आणणं. ते थांबणं माझं आहे, त्याची किंमत मी देतो, आणि रेंजफाइंडरने ते माझ्याकडे शाबूत ठेवलं. दुसरं फोटोच्या नंतरचं. ते थांबणं समोरच्याचं असतं, आणि त्याला न विचारता मी ते चाळीस वर्षं त्याच्याकडून उसनं घेत आलो.

२५ डिसेंबर २०२३ रोजी हुकुमचंद मिलच्या सुमारे चार हजार आठशे कामगारांच्या थकबाकीचा, २२४ कोटींचा धनादेश इंदूरच्या कार्यक्रमात दिला गेला. बत्तीस वर्षांनी. त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. त्या त्याच ओट्यावर बसल्या होत्या. पैशाविषयी फारसं बोलणं झालं नाही. "यांच्या हातात पडायला हवे होते," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "काकू, फोटो काढू?" त्यांनी मान हलवली. उजेड जात होता. मी चार फोटो काढले, पडदा पाहिला नाही, रात्री घरच्या प्रिंटरवर छापून सकाळी नेऊन दिला.

मला तो फोटो फार आवडला होता. काकूंनी चष्मा लावून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "पदर नीट नाही आलेला. आणि ही लोकरीची टोपी कशाला? पुन्हा काढा."

मित्रहो, फिल्मच्या सगळ्या वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? प्रिंट पोचेपर्यंत तो दिवस, तो उजेड आणि कधीकधी तो माणूसही गेलेला असे. मी दिलं ते त्यांनी घेतलं. त्या सकाळी पहिल्यांदा फोटोतल्या माणसाने फोटोवर आपला हक्क सांगितला. मी पुन्हा काढला. पदर नीट, टोपी नाही, उजेड आदल्या दिवसापेक्षा कमी चांगला. तोच आता त्यांच्या भिंतीवर काकांशेजारी आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे असला कॅमेरा नाही, आणि घ्या असंही मी म्हणणार नाही. तुमच्या खिशात फोन आहे. त्यात घरच्या थोरांचे शेकडो फोटो असतील, त्यांनी स्वतः न पाहिलेले. आज घरी गेल्यावर त्यांतला एक निवडा, अन्नपूर्णा रस्त्यावर असो की राजवाड्यावर, कुठल्याही दुकानात छापून घ्या, आणि ज्याचा आहे त्याच्या हातात द्या. त्याने नाक मुरडलं, तर पुन्हा काढा.